ड्रेड स्कॉटचा दावा

राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ती मुक्ती चार वर्षांच्या यादवी युद्धातून आली आणि त्या युद्धाच्या वाटेवर एका निरक्षर गुलामाने लढलेला दावा उभा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्ही वकिली करतो, म्हणून असेल, आम्हाला लिंकनपेक्षा हा ड्रेड स्कॉट जवळचा वाटतो.

१८०० च्या आगेमागे व्हर्जिनियात तो गुलाम म्हणूनच जन्मला. मालक ब्लो घराणे. पुढे मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथे जॉन इमर्सन या लष्करी डॉक्टरने त्याला विकत घेतले. डॉक्टरची बदली होईल तिकडे गुलामाची फरपट. अशाने तो इलिनॉय राज्यात व नंतर विस्कॉन्सिन प्रदेशातील फोर्ट स्नेलिंगला काही वर्षे राहिला. दोन्हीकडे गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. फोर्ट स्नेलिंगलाच हॅरिएटशी त्याचे लग्न झाले.

१८४३ साली इमर्सन मेला. १८४६ साली नवरा-बायकोने त्याच्या विधवेविरुद्ध सेंट लुईसच्या कोर्टात स्वातंत्र्याचा दावा लावला. ड्रेडला सही येत नव्हती, त्याने कागदावर फुली मारली. बंदी असलेल्या भूमीत राहिलेला गुलाम मुक्त होतो, असे मिसुरीच्याच कोर्टांनी पूर्वी अनेकदा ठरवले होते. म्हणजे केस पक्की! तरी १८४७ साली पुराव्याच्या तांत्रिक मुद्द्यावर ते हरले. १८५० साली जिंकले. १८५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल उलटवला. कायदा तोच होता, फक्त देशातली हवा तापली होती.

६ मार्च १८५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला. सरन्यायाधीश टेनी यांनी ठरवले की, गुलामांचे वंशज, मग ते स्वतंत्र असले तरी, देशाचे नागरिकच नाहीत, सबब त्यांना फेडरल कोर्टाची पायरी चढता येत नाही. दावाच चालत नसेल तर पुढचे मुद्दे घेण्याचे कारण काय? पण टेनी पुढे गेले. गुलाम ही मालमत्ता आहे, म्हणून प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असे म्हणून १८२० चा मिसुरी समझोता त्यांनी घटनाबाह्य ठरवला.

वाद कायमचा मिटावा म्हणून दिलेल्या या निकालाने तडजोडीची जागाच संपवली. प्रदेशांतला गुलामगिरीचा फैलाव रोखणे हा रिपब्लिकन पक्षाचा पायाच होता. तोच बेकायदा ठरल्याने उत्तर पेटून उठली. १८६० साली याच प्रश्नावर डेमोक्रॅट पक्ष फुटला, लिंकन निवडून आले, दक्षिणेतील राज्ये बाहेर पडली. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या.

ड्रेडने यातले काही पाहिले नाही. निकालानंतर मे १८५७ मध्ये जुन्या मालकाचा मुलगा टेलर ब्लो याने त्या कुटुंबाला मुक्त केले. ड्रेड सेंट लुईसच्या एका हॉटेलात हमाली करू लागला आणि १७ सप्टेंबर १८५८ रोजी क्षयाने गेला. सव्वा वर्षाचे स्वातंत्र्य!

अमेरिकेत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक, असे म्हणणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ साली आली. हॅरिएट तेव्हा हयात होती.