विश्लेषण : टीव्हीला स्टिक, बॉक्स की छत्री? विक्रम साराभाईंनी हे गणित आधीच कसे मांडले होते?

वाशीमहून पुसदच्या रस्त्याने निघाले की अनसिंग लागते. अशा गावात आज नवा टीव्ही घेणाऱ्यापुढे किंवा जुनाच टीव्ही ‘स्मार्ट’ करू पाहणाऱ्यापुढे चार पर्याय असतात. टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक, शेजारी ठेवायचा अँड्रॉइड बॉक्स, इंटरनेट जोडणीबरोबर मिळणारा सेट-टॉप बॉक्स आणि छपरावरची छत्री. दुकानात चर्चा होते ती रॅमची, आवाजाने चालणाऱ्या रिमोटची आणि किमतीची. घरी आल्यावर चित्र अडखळते ते मात्र भलत्याच कारणाने.

ते कारण म्हणजे चित्र घरापर्यंत येण्याची वाट. देशात दिल्लीखेरीज कुठेही टीव्ही नव्हता, तेव्हा या वाटांची तुलना करून हिशेब मांडणारा माणूस म्हणजे डॉ. विक्रम साराभाई. अवकाश कार्यक्रमाचे जनक ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात आहे. टीव्हीचा हिशेब तिथे सहसा नसतो.

साराभाई कोण होते?

जन्म १२ ऑगस्ट १९१९, अहमदाबाद. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक, शहरातले बडे गिरणीमालक. घरात आठ मुले. त्यांच्यासाठी आई सरलादेवींच्या देखरेखीखाली घरातच शाळा चालवली जाई. गांधीजी आणि रवींद्रनाथ टागोर यांचे या घराशी जवळचे संबंध होते. विक्रम पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले, पण दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये पदवी घेऊन त्यांना परतावे लागले.

मग बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास सुरू झाला. बंगळूरु, पुणे आणि हिमालयात त्यांनी मोजणी केली. होमी भाभांशी ओळख याच काळातली. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी विवाह झाला. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तेव्हा त्यांचे वय होते २८.

संस्था काढण्याचा त्यांचा वेग आज वाचताना दमछाक करतो. कापड गिरण्यांसाठी संशोधन संस्था, अहमदाबादचे आयआयएम, थुंबाचे रॉकेट केंद्र. तिथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले. यात एक संस्था सहसा विसरली जाते, ती म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप. लोक काय विकत घेतात, काय वापरतात आणि का, हे पद्धतशीर विचारणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या संस्थांपैकी ही एक. यंत्राचा विचार करताना ते वापरणाऱ्यापासून सुरुवात करायची, ही सवय साराभाईंना प्रयोगशाळेइतकीच या कामातूनही लागली असावी. पुढे टीव्हीच्या कामात ती दिसते.

टीव्हीशी संबंध कसा आला?

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात होमी भाभांचे निधन झाले. त्यांच्या जागी अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी साराभाई आले आणि अहमदाबाद-मुंबई अशी त्यांची धावपळ सुरू झाली. अवकाश संशोधन तेव्हा अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली होते. त्यामुळे अणुभट्ट्या आणि रॉकेटे दोन्हींची जबाबदारी एकाच माणसावर आली.

दिल्लीत टीव्ही १९५९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला होता, पण तो दिल्लीपुरताच राहिला. गरीब देशाला ही चैन कशाला, असा सूर होता. साराभाईंचे उत्तर प्रयोगाचे होते. अणुऊर्जा विभाग, आकाशवाणी आणि दिल्लीतील कृषी संशोधन संस्था यांना एकत्र आणून दिल्लीभोवतीच्या ८० गावांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले आणि २६ जानेवारी १९६७ पासून ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. एका गावाला एक संच, समोर सारे गाव. शेतकरी ते पाहतात, त्यावर बोलतात, नवे काही करून बघतात, असे दिसून आले. पडद्याची उपयुक्तता सिद्ध झाली. आता प्रश्न उरला उरलेल्या साडेपाच लाखांहून अधिक गावांचा.

तुलना नेमकी कशाची होती?

एक वाट होती नेहमीची. आधी मोठ्या शहरांत मनोरे उभारायचे, मग मध्यम शहरांत, आणि मनोरे जोडणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या साखळ्या हळूहळू पसरवत खेड्यांकडे जायचे. जगभर असेच झाले होते. साराभाईंचा आक्षेप साधा होता. या वाटेने गेले तर दूरच्या गावाचा नंबर शेवटी लागणार, किंवा लागणारच नाही. शहरापासून जितके लांब, तितका प्रत्येक गावामागचा खर्च जास्त.

दुसरी वाट आकाशातून. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. तिथून सोडलेला संकेत दिल्लीला आणि डोंगरातल्या पाड्याला सारख्याच खर्चात मिळतो. अंतराचा मुद्दाच उरत नाही. पण तेव्हाचे उपग्रह दुबळे होते आणि त्यांचा संकेत पकडायला प्रचंड थाळी लागायची. गावोगावी तसली थाळी परवडणारी नव्हती.

इथे साराभाईंनी गणित उलटे फिरवले. जमिनीवरची थाळी स्वस्त हवी असेल तर आकाशातला उपग्रह ताकदवान हवा. एक उपग्रह महाग पडला तरी चालेल, कारण तो एकच आहे. गावे लाखो आहेत. अमेरिकेच्या नासाकडे एटीएस-६ या अशाच ताकदवान उपग्रहाची योजना होती. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रो स्थापन झाली आणि महिनाभरात, १८ सप्टेंबरला, अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. उपग्रह त्यांचा, एका वर्षासाठी उसना. कार्यक्रम, थाळ्या, संच सारे आपले.

हिशेबातून निघालेले उत्तर मात्र निव्वळ उपग्रहाचे नव्हते, आणि साराभाईंचा मोठेपणा मला इथे जास्त वाटतो. दाट वस्तीत मनोरा स्वस्त पडतो, कारण एकाच मनोऱ्यावर हजारो संच चालतात. विखुरलेल्या गावांना थेट थाळी स्वस्त पडते. म्हणून दोन्ही मिसळा, असा निष्कर्ष आला. उपग्रहाचे वेड असलेला माणूस सगळीकडे उपग्रहच लावा म्हणाला असता, तर ते समजण्यासारखे होते. ते तसे म्हणाले नाहीत.

महाराष्ट्राशी काय नाते?

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी आहे. वर्धा जिल्ह्यातली आर्वी ती वेगळी. या पुण्याकडच्या आर्वीत साराभाईंच्या पुढाकाराने परदेशांशी उपग्रहाद्वारे दळणवळणासाठी भूकेंद्र उभारले गेले. बांधणीत भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता. या केंद्राला पुढे विक्रम हेच नाव मिळाले.

दुसरा धागा माणसाचा. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस हे साराभाईंचे जवळचे सहकारी. थुंबाची जागा शोधण्यापासून ते बरोबर होते आणि उपग्रह टीव्हीच्या प्रयोगाची प्रत्यक्ष सूत्रे पुढे त्यांच्याकडेच होती.

कारण तो प्रयोग पाहायला साराभाई राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात कोवळमच्या मुक्कामी झोपेतच त्यांचा मृत्यू झाला. वय ५२.

त्यांच्यानंतर काय झाले?

आधी उलटेच झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी टीव्ही मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. म्हणजे शहरे आधी, हीच जुनी वाट.

खेड्यांची पाळी १ ऑगस्ट १९७५ रोजी आली. ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट उपग्रहावरून चित्र उतरले. महाराष्ट्र त्यात नव्हता. थाळी होती तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. वाकली तर गावात सरळ करता यावी इतकी साधी. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालले. गावे मुद्दाम मागास भागांतली निवडली होती. समाजशास्त्राचे अभ्यासक काही गावांत मुक्काम ठोकून राहिले, कोण बघते, कोण उठून जाते, बायकांना पुढे बसायला मिळते का, हे टिपत.

जाता जाता एक गंमत. हे सारे संच सामुदायिक होते, पण एक थाळी कोलंबोत लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी बसवली गेली. भूस्थिर उपग्रहांची कल्पना त्यांनी १९४५ मध्ये मांडली होती. उपग्रहाचे चित्र थेट घरात पाहण्याचा मान त्यांना असा मिळाला.

३१ जुलै १९७६ रोजी वर्ष संपले. उसना उपग्रह परत गेला आणि बहुतेक गावांतले पडदे काळे झाले. गावकऱ्यांना सवय लावून काढून घेणे हे योग्य होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. स्वतःचा उपग्रह, इन्सॅट-१बी, काम करू लागायला १९८३ उजाडले. त्यानंतर लहान ट्रान्समीटरचे जाळे झपाट्याने वाढले आणि घरोघरी अँटेना फिरवण्याचा काळ आला. मनोरे आणि उपग्रह यांचे मिश्रणच शेवटी देशभर पोहोचले.

मग आज काय घ्यावे?

साराभाईंचा प्रश्न आजच्या दुकानात विचारून पाहा. फायर टीव्ही स्टिक, गूगलचा स्ट्रीमर, एखादा अँड्रॉइड बॉक्स किंवा स्मार्ट टीव्हीतच असलेले ॲप, या सगळ्यांची वाट एकच आहे : इंटरनेट. त्यांच्यातला फरक वेग, रिमोट आणि ॲपचा. छत्रीची वाट वेगळी.

उपग्रह एकदाच बोलतो आणि सगळे ऐकतात. अनसिंगमधल्या शंभर घरांनी एकाच वेळी क्रिकेटचा सामना लावला तरी छत्रीवरच्या चित्राला फरक पडत नाही. स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रत्येक घराला सामन्याची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. गावातला मोबाइल टॉवर शंभरांत वाटला गेला की चक्र फिरू लागते. तेव्हा महागडी स्टिक आणि स्वस्त स्टिक सारख्याच अडखळतात.

डेटाचाही हिशेब करा. एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज दोन जीबीचा पॅक असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो चाळीस मिनिटांत संपतो. चित्रपट मध्यंतरालाही पोहोचत नाही. साध्या दर्जाला तासाला साधारण एक जीबी. म्हणून दारापर्यंत फायबर आले असेल तरच स्टिक किंवा बॉक्स घ्यायला अर्थ आहे. अनेक फायबर कंपन्या स्वतःचा बॉक्स देतात. तो मिळत असेल तर वेगळी स्टिक घेण्याआधी त्यात आपल्याला हवी ती ॲप चालतात का, एवढे पाहावे.

फायबर पोहोचले नसेल, घर शेतवस्तीवर किंवा तांड्यावर असेल, तर डीडी फ्री डिश हा पर्याय अजून भक्कम आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक भाडे नाही, सह्याद्री वाहिनी त्यात आहेच. तोटा असा की हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी मिळत नाही आणि आषाढातल्या मुसळधार पावसात चित्र जाते. साइटच्या गावांना हा त्रास फारसा नव्हता, कारण तिथल्या लहरी लांब होत्या आणि पावसातून सहज येत. लांब लहरींची किंमत तीन मीटरच्या थाळीने चुकवली जाई. आजच्या छोट्या छत्रीची किंमत आपण पावसाळ्यात चुकवतो.

जुना टीव्ही असेल तर मागे एचडीएमआयची खाच आहे का ते आधी बघा. स्टिकला ती लागतेच. नसेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जोडणी असलेला बॉक्स शोधावा लागेल. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नये, बरोबर आलेला ॲडॉप्टरच लावावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. बिननावाच्या स्वस्त बॉक्सवर फोर-के लिहिलेले असले तरी त्याला परवाना नसेल तर मोठी ॲप त्यावर साध्याच दर्जाचे चित्र देतात.

आणि दोन्ही घेतले तर? ज्या घरात वृद्धांना बातम्या-मालिका आणि मुलांना ॲप हवी आहेत तिथे छत्री आणि स्टिक शेजारी-शेजारी लावता येतात, टीव्हीला दोन खाचा असल्या की झाले. साराभाईंचा मिश्र हिशेब घरापुरता हाच होईल.

साइटच्या गावांतल्या जाळीच्या थाळ्यांचे तोंड नैर्ऋत्येला असे, कारण उसना उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या वर होता. अनसिंगच्या छपरावर फ्री डिशची छत्री बसवायला येणारा माणूस ती आग्नेयेला वळवतो. तिथे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर जीसॅट-१५ आहे, इस्रोचा.