रेव्हरंड नारायण वामन टिळक

इ. स. १८९३ मधील गोष्ट. राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात तिशी उलटलेला एक ब्राह्मण तरुण बसला होता. त्याच्या गाठीस पैसा नव्हता. संस्कृत काव्याचे भांडार मात्र त्याला मुखोद्गत होते. त्याच डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. दोघांचे बोलणे सुरू झाले आणि ओघाने धर्मावर येऊन ठेपले. निरोप घेताना धर्मोपदेशकांनी त्या तरुणाच्या हाती बायबलची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तो ख्रिस्ती होईल असे भाकीत केले. तरुणाला ते मुळीच पटले नाही. परंतु पुस्तक वाचण्याचे त्याने कबूल केले होते, आणि दिलेला शब्द पाळणे हा त्याचा स्वभाव होता. हा तरुण म्हणजेच पुढे महाराष्ट्रात फुला-मुलांचे कवी म्हणून प्रसिद्ध झालेले नारायण वामन टिळक होत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव मोठे कडक होते. आई जानकीबाई भाविक व प्रेमळ होत्या. देवाधर्माची आणि कवितेची गोडी नारायणाला आईकडूनच लाभली. पण हे सुख त्याच्या वाट्यास फार दिवस आले नाही. तो अकरा वर्षांचा असतानाच आई निवर्तली. पुढे हा पोरका मुलगा विद्येच्या ओढीने नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. काही काळ तो इंग्रजी शाळेतही शिकला. परंतु परीक्षा पुरी होण्याआधीच पोटासाठी त्याला शाळा सोडावी लागली.

इ. स. १८८० च्या सुमारास टिळकांचे लग्न झाले. वधू जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. टिळकांचा संसार एका गावी कधी स्थिरावला नाही. कोठे शिक्षक, कोठे पुराणिक, तर कोठे छापखान्यात खिळे जुळवणारे, अशी नाना कामे त्यांनी केली. हाती आलेला पैसा दिवस मावळण्यापूर्वी कोणा गरजूला देऊन ते रिकाम्या हातांनी घरी येत. लक्ष्मीबाईंना चूल पेटवण्याची चिंता पडे, आणि टिळक मात्र नव्या कवितेत रंगून गेलेले असत.

अशा या भटकंतीतही एक प्रश्न त्यांच्या मनाला सारखा टोचत असे. आपल्या देशातील माणसे जातीजातींत विभागली गेली आहेत. त्यांना एकत्र कसे आणावे? देव एकच असून तो सर्वांचा पिता आहे, तर मग सर्व माणसे भावंडे का नव्हेत? या विचारातून आपणच एक नवा धर्म काढावा असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते. अशा मनःस्थितीत ते बायबल वाचू लागले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधून घेतले. शत्रूवरही प्रेम करावे, दीनदुबळ्यांना जवळ करावे, ही शिकवण वाचताना आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत असे त्यांना वाटू लागले.

पण मनाला पटलेली गोष्ट जगासमोर बोलून दाखवणे सोपे नव्हते. त्या काळी धर्मांतर करणाऱ्याला जातीबाहेर टाकीत. त्याच्या हातचे पाणी कोणी पीत नसे. आईबापांना मुलगा आणि पत्नीला पती मेल्यासारखाच होई. ही सर्व किंमत टिळकांना ठाऊक होती. म्हणून आरंभी त्यांनी आपले विचार गुप्त ठेवले आणि एका धर्मोपदेशकाशी लपूनछपून पत्रव्यवहार केला. परंतु जे सत्य वाटते ते झाकून ठेवणे त्यांच्या सरळ मनाला फार काळ रुचेना. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतील त्या भेटीला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

ही वार्ता नाशिकास पोहोचली आणि घरावर जणू वीजच कोसळली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. शोकाने त्यांची प्रकृती ढासळली. काल ज्यांनी टिळकांची कीर्तने आणि कविता ऐकून माना डोलावल्या होत्या, त्यांनीच आज त्यांना दूषणे दिली. आप्तेष्टांची दारे बंद झाली. मनाला शांती मिळावी म्हणून लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरासही राहिल्या. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर होती.

या काळात टिळकांच्या मनाची खरी कसोटी लागली. आपली श्रद्धा लपवली असती, तर घर पुन्हा मिळाले असते. पण ते त्यांना शक्य नव्हते. उलट, जबरदस्तीने पत्नीला आपल्या वाटेवर ओढावे, हेही त्यांना मान्य नव्हते. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई आपल्या मुलासह त्यांच्याकडे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळे असे. टिळकांनी त्यांना आडकाठी केली नाही. पुढे जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने उमगले. इ. स. १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तो स्वतःच्या मनाने.

नगर जिल्हा ही टिळकांची कर्मभूमी ठरली. तेथे त्यांनी धर्मशिक्षण देणाऱ्या पाठशाळेत अध्यापन केले, अनाथ मुलांना घरात आश्रय दिला आणि पाळक म्हणून लोकांची सेवा केली. आपल्या श्रद्धेविषयी ते सर्वांशी मोकळेपणाने बोलत. मात्र त्यांची बोलण्याची रीत निराळी होती. तुकारामादी संतांचे अभंग त्यांच्या रक्तात भिनलेले होते. तुकारामांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवले असे ते मानीत. तेव्हा ख्रिस्ताची कथा त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांतून सांगितली. परक्या चालींवर भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळींना त्यांनी टाळमृदंगाच्या साथीने गाता येतील अशी पदे दिली. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, ही गोष्ट त्यांनी आपल्या वागण्यातून दाखवली. त्यांनी मायभूमीवर उत्कट कविता लिहिल्या. फुले, पाखरे आणि मुले यांवरही त्यांनी तितक्याच प्रेमाने लिहिले.

त्यांच्या घराचे दार सर्वांना उघडे असे. पुढे बालकवी म्हणून गाजलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे लहान वयात टिळकांच्या घरी राहिले. टिळक पतिपत्नींनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. टिळकांनी या मुलाची कविता फुलवली. त्याच्या धर्माला मात्र हात लावला नाही.

इ. स. १९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय' या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. येथील ख्रिस्ती मंडळींनी परदेशी मिशनऱ्यांवर अवलंबून न राहता आपल्या पायांवर उभे राहावे, असे ते स्पष्टपणे लिहीत. हे बोल काही स्वधर्मीयांनाही झोंबले. पूर्वी जसा परक्यांचा रोष त्यांनी सोसला होता, तसाच आता आपल्यांचाही सोसला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहू लागले. तेथे त्यांनी देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही त्यात स्थान होते.

परंतु हे कार्य फार काळ चालवणे त्यांच्या नशिबी नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती, त्यांनीच पुढचे अध्याय लिहून ते पुरे केले. त्यांची 'स्मृतिचित्रे' तर मराठी भाषेचे भूषण ठरली. टिळक कसे होते हे आज आपल्याला कळते ते मुख्यतः त्या पुस्तकामुळे.

मराठी ख्रिस्ती उपासनामंदिरांत टिळकांची पदे आजही गाइली जातात, आणि त्यांच्या कविता सर्व धर्मांची मुले शाळेत शिकत आली आहेत. मनाला जे पटले ते त्यांनी निर्भयपणे सांगितले; आणि ज्यांना ते पटले नाही, त्यांच्यावरील आपले प्रेम तिळभरही कमी होऊ दिले नाही.

अभ्यास

१. टिळकांनी आपले विचार प्रथम गुप्त का ठेवले?
२. टिळकांनी लक्ष्मीबाईंच्या मताचा आदर केला, हे कोणत्या प्रसंगावरून दिसते?
३. ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी टिळकांनी अभंग व कीर्तन यांचा आश्रय का घेतला असावा?
४. आपले मत निर्भयपणे सांगणे आणि दुसऱ्याच्या मताचा मान राखणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा करता येतात? आठ-दहा ओळींत लिहा.