एका रात्रीत २४५ विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेणारे चिंतामणराव देशमुख मुंबईसाठी मंत्रिपद सोडून गेले

लालबागला गोडाऊन, दादरला दुकान आणि गिरगावात हिशेबाचं ऑफिस असा धंदा असला की एक गोष्ट हमखास आढळते. तिन्हीकडचे कॉम्प्युटर एकाच सर्व्हरला जोडलेले असतात. दादरला बिल फाडलं की लालबागचा साठा कमी होतो आणि गिरगावातल्या अकाऊंटंटला ते लगेच दिसतं. वही एकच, लिहिणारे हात अनेक.

अशा ठिकाणी अकाऊंटिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायची म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. आधी सगळ्यांना सिस्टीममधून बाहेर काढायचं. बॅकअप घ्यायचा. सर्व्हर आणि सगळी मशिन एकदमच नव्या आवृत्तीवर न्यायची, कारण एक जरी जुन्यावर राहिलं तरी घोळ होतो. मग जुन्या वहीतली शेवटची शिल्लक आणि नव्या वहीतली सुरुवातीची शिल्लक जुळते का ते बघायचं. आणि मधल्या वेळात कुणी एकही नोंद करायची नाही. म्हणून हे काम बहुतेक वेळा शनिवारी रात्री चालतं.

आता कल्पना करा, हेच काम २४५ कंपन्यांचं आहे, कॉम्प्युटर एकही नाही आणि आगाऊ नोटीस द्यायचीच नाही.

भारतात हे खरंच घडलंय. तारीख होती १९ जानेवारी १९५६, वार गुरुवार. ते घडवून आणणारा माणूस रायगड जिल्ह्यातला होता. सी. डी. देशमुख, म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. वडील वकील होते. बालपण रोह्याच्या बाजूला गेलं आणि पुढच्या शिक्षणासाठी पोरगा मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला आला. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्याने मिळवली. हे तेच गिरगावचे नाना शंकरशेठ. संस्कृतचा हा नाद चिंतामणरावांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

तिथून केंब्रिजचं जीझस कॉलेज. विषय मात्र वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. अर्थशास्त्राचा पत्ता नव्हता. १९१८ साली लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि तिथंही पहिला नंबर काढला. त्या काळात लोकमान्य टिळक लंडनमध्येच होते. सरकारी नोकरी धरावी की देशाच्या चळवळीत उतरावं हा प्रश्न घेऊन चिंतामणराव त्यांना भेटले. टिळकांनी नोकरी करण्याचा सल्ला दिला. कारभार शिकलेली माणसं पुढे स्वतंत्र देशाला लागणार आहेत, हा त्यामागचा हिशेब. तो बरोबर निघाला.

नोकरी मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. तिथं त्यांच्याकडे जमाबंदीचं काम आलं. जमाबंदी म्हणजे कुठली जमीन कुणाची, तिचा कस काय, सारा किती याच्या जुन्या नोंदी तपासून नव्याने बांधायच्या. शेतकरी शेती करतच असतो, तलाठी वसुली करतच असतो आणि त्याच वेळी खालची वही बदलायची असते. काम चालू ठेवून वही बदलण्याचा हा त्यांचा पहिला धडा म्हणता येईल.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. बँकेचं मुख्यालय तोवर कोलकात्याहून मुंबईला, फोर्टात आलेलं होतं. १९४१ ला ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. त्या खुर्चीत बसणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ब्रेटन वूड्सला परिषद भरली, जिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक निघाली. भारताच्या शिष्टमंडळात तेही होते.

पण गव्हर्नर म्हणून त्यांची खरी कसोटी लागली ती फाळणीत.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश दोन झाले, पण मध्यवर्ती बँक एकच होती. लगेच दुसरी उभी करणं शक्य नव्हतं. त्यामुळे ठरलं असं की काही काळ मुंबईची रिझर्व्ह बँकच भारत आणि पाकिस्तान दोघांचे हिशेब बघेल. आजच्या भाषेत, एकाच सर्व्हरवर दोन देश. आणि ते दोन देश ऑक्टोबर १९४७ पासून काश्मीरमध्ये एकमेकांशी लढत होते!

सरकारी तिजोरीतल्या शिलकीपैकी पाकिस्तानचा वाटा ठरला ७५ कोटी रुपये. त्यातले २० कोटी आधीच दिले होते. उरलेले ५५ कोटी भारत सरकारने काश्मीरच्या लढाईमुळे अडवले आणि गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, जानेवारी १९४८ मध्ये सोडले. हे राजकारण शाळेत शिकवलं जातं. पण नोटा कुणाच्या, कर्ज कुणाच्या नावावर, कुठल्या शाखेची शिल्लक कुठल्या बाजूला, हे सगळं कुणीतरी बसून वेगळं करत होतं, ते सहसा सांगितलं जात नाही. दोघांची बँक म्हणून सप्टेंबर १९४८ पर्यंत काम करायचं ठरलं होतं. ती मुदत अलीकडे ओढून ३० जून केली गेली आणि १ जुलै १९४८ ला पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली.

त्यानंतर सहा महिन्यांनी, १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक स्वतःच खासगी भागधारकांकडून सरकारच्या मालकीची झाली. काउंटरवरच्या माणसाला फरक जाणवला नसेल. कुठलाही चांगला बदल असाच होतो.

१९५० साली नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून लोकसभेवर गेले. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली, ती त्यांच्याच काळात. नवा कंपनी कायदाही त्यांनीच संसदेतून पार नेला. तो १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला आणि त्याच्या सहाव्या परिशिष्टाने देशातल्या कंपन्यांना ताळेबंदाचा एक ठरलेला नमुना दिला. डाव्या बाजूला देणी, उजव्या बाजूला मालमत्ता. जुन्या सीए मंडळींना विचारा, कित्येकांना तो नमुना अजून तोंडपाठ असेल.

आता येऊ जानेवारी १९५६ कडे.

आयुर्विमा तेव्हा खासगी कंपन्या विकायच्या. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, एकूण २४५. मुंबईच्या फोर्टात यातली बडी नावं होती. १८७० ची बॉम्बे म्युच्युअल तिथलीच आणि १८७४ ची ओरिएंटलसुद्धा. चांगल्या कंपन्या होत्या तशा गडबड करणाऱ्याही होत्या. विमेदारांचा पैसा मालकाच्या दुसऱ्याच धंद्यात वळवला जायचा. १९४४ ते १९५४ या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या बुडाल्या आणि तेवढ्याच दुसऱ्यांच्या गळ्यात बांधाव्या लागल्या. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्सची प्रकरणं मांडली.

राष्ट्रीयीकरण करायचं ठरलं, पण पंचाईत ही होती की नेहमीसारखं विधेयक आणलं असतं तर मालकांना महिनोन्‌महिने मिळाले असते. तेवढ्या वेळात वह्या बदलल्या असत्या आणि रोखे हलले असते. म्हणून चिंतामणरावांनी उलटा क्रम लावला. आधी वटहुकूम काढून फक्त कारभार ताब्यात घ्यायचा, मालकीचं नंतर कायद्याने बघायचं. सगळ्यांना सिस्टीममधून बाहेर काढा, मग अपग्रेड करा, असाच हा प्रकार.

योजना गुप्त ठेवली गेली. १९ जानेवारीला वटहुकूम निघाला. त्याच संध्याकाळी चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून देशाला ही बातमी दिली. कंपन्यांवर सरकारने नेमलेले कस्टोडियन बसले आणि वह्या जिथे होत्या तिथेच गोठल्या.

पण त्या संध्याकाळी मुंबईत रेडिओ लावण्याच्या मनःस्थितीत फार कुणी नव्हतं.

तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला नेहरूंनी रेडिओवरूनच जाहीर केलं होतं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्रशासित होईल. शहर पेटलं. गिरगाव, लालबाग, परळ, जिथे चाळी आणि गिरण्या होत्या तिथे लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले सगळ्यात जास्त हुतात्मे याच आठवड्यातले. म्हणजे दिल्लीत मराठी अर्थमंत्री देशातल्या विमेदारांचा पैसा वाचवत होता आणि त्याच सरकारच्या निर्णयावरून त्याची माणसं मुंबईत मरत होती.

चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. नेहरूंनी त्यांना थांबवून घेतलं. बजेट तोंडावर होतं आणि विम्याचं काम अर्धवट. ते थांबले, पण मन बदललं नव्हतं. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही त्यांची मागणी सरकारने मान्य केली नाही. जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाचा कायदा झाला आणि जुलैच्या अखेरीस ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. जाताना लोकसभेत त्यांनी नेहरूंच्या कारभाराच्या पद्धतीवर उघड टीका केली. तेव्हाचे नेहरू किती ताकदवान होते हे लक्षात घेतलं, तर त्याची किंमत कळते.

१ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली, मुख्यालय मुंबईतच. ५ विभागीय कार्यालयं, त्यांच्याखाली ३३ मंडळ कार्यालयं आणि २१२ शाखा. भांडवल ५ कोटी. ज्यांनी हे घडवलं ते तेव्हा मंत्री नव्हते.

खरी हमाली आता सुरू झाली होती. प्रत्येक कंपनीचे पॉलिसी नंबर वेगळे, हप्त्यांचे तक्ते वेगळे, बोनसचे नियम वेगळे, कर्मचाऱ्यांच्या पगारश्रेणी वेगळ्या. विमेदाराशी झालेला जुना करार मात्र पाळायचाच होता, कारण पैशाची हमी आता केंद्र सरकारची होती. सॉफ्टवेअर बदलताना जुना डेटा नव्यात ओतणं हे सगळ्यात कटकटीचं काम असतं. इथे ते माणसांनी, शाई आणि खातेवह्यांनी केलं.

एकाच वहीचा धोकाही लवकरच दिसला. १९५७ मध्ये एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. प्रश्न पुन्हा फिरोज गांधींनीच उचलला. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत जाहीर चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. २४५ वह्या असताना एखादा मालक आपल्याच विमेदारांना बुडवायचा. वही एक झाल्यावर चूक सगळ्यांच्याच खात्यावर पडते.

साठच्या दशकात एलआयसीने कॉम्प्युटर आणायचं ठरवलं, तेव्हा नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटनांनी मोठा विरोध केला. नोव्हेंबर १९९७ मध्ये मुंबईतल्या ७४ शाखा एकाच नेटवर्कने जोडल्या गेल्या. दादरची पॉलिसी असलेल्या माणसाला गिरगावच्या शाखेत हप्ता भरता येऊ लागला.

हे बघायला चिंतामणराव नव्हते. मंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ला स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि हरले. पहिली पत्नी रोझिना १९४९ मध्येच गेल्या होत्या. १९५३ साली त्यांनी संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी लग्न केलं. हिशेबाच्या कागदांतून वेळ काढून त्यांनी कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं, ही बाजू फार थोड्यांना माहीत असते.

मुंबई १ मे १९६० ला महाराष्ट्राची राजधानी झाली. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला गेले. त्यांच्या पश्चात आलेल्या बऱ्याच अर्थमंत्र्यांची नावं लोक विसरले, पण एलआयसीचा हप्ता मुंबईतल्या घराघरांतून आजही भरला जातो.