झिर्याबचा ऊद

सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बगदाद शहर त्या काळी विद्येचे आणि कलेचे माहेरघर होते. तेथे इसहाक अल्-मौसिली नावाचे थोर गवई राहत. अली इब्न नाफी हा तरुण त्यांच्याजवळ संगीत शिकत होता. त्याचा वर्ण काळासावळा आणि गळा गोड होता. म्हणून लोक त्याला झिर्याब म्हणत. झिर्याब म्हणजे काळ्या रंगाचा एक गाणारा पक्षी.

गुरू ऊद हे वाद्य वाजवत. अरबी भाषेत ऊद म्हणजे लाकूड. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून व एकमेकींना चिकटवून उदाची फुगीर पाठ तयार करतात. पुढे एक पातळ फळी बसवतात. तारा छेडल्या की फळी थरथरते आणि पोकळ पोटात नाद घुमतो. फळी जाड राहिली तर आवाज दबतो. फार पातळ झाली तर ती तारांच्या ताणाने वाकते. असे हे नाजूक काम झिर्याबने शिकून घेतले आणि आपला ऊद स्वतःच्या हातांनी घडवला.

खलीफा हारून अल्-रशीद यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. त्यांच्या दरबारात घडलेली एक हकीकत अल्-मक्करी या इतिहासकाराने सतराव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात आहे. झिर्याब दरबारात गायला उभा राहिला, तेव्हा त्याला गुरूंचा ऊद देण्यात आला. त्याने तो नम्रपणे परत केला आणि स्वतःचा ऊद मागवला. दोन्ही वाद्ये दिसायला सारखीच होती. खलीफांना नवल वाटले. झिर्याबने फरक समजावून सांगितला. आकार आणि लाकूड एकच असले, तरी दोन्हींचे वजन वेगळे होते. त्याच्या उदाला गरम पाणी न लावता कातलेल्या रेशमाच्या तारा होत्या. खर्जाच्या तारा सिंहाच्या छाव्याच्या आतड्याच्या होत्या. मग तो गायला आणि दरबार थक्क झाला.

खलीफा खूश झाले. गुरूंच्या मनात मात्र मत्सर जागा झाला. त्यांनी झिर्याबला बगदाद सोडून जायला सांगितले. झिर्याब बायकामुलांसह निघाला. उत्तर आफ्रिकेतील कैरवान शहरात तो काही काळ राहिला. पुढे 822 साली तो स्पेनमध्ये पोहोचला. तेथील कुर्तुबा शहरात अमीर दुसरे अब्दुर्रहमान यांनी त्याचा मोठा सन्मान केला.

कुर्तुब्यात त्याने संगीताची शाळा काढली. उदाला पूर्वी चार तारा असत. त्याने पाचवी तार जोडली. लाकडी नखीऐवजी तो गरुडाच्या पिसाची नखी वापरू लागला. सुमारे 857 साली कुर्तुब्यातच त्याचे निधन झाले. पुढे युरोपात उदापासून ल्यूट हे वाद्य तयार झाले. त्याचे नावही अल्-ऊद या शब्दावरूनच आले आहे.

झिर्याबला आपले शहर सोडावे लागले. पण हातांत मुरलेली कला त्याच्याबरोबरच गेली. ती कोणालाही हिरावून घेता आली नाही.