वारणेचा तह : भाऊबंदकी मिटवणारे छत्रपती शाहू महाराज



परिपाठात महाभारताची गोष्ट सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. पांडव फक्त पाच गावं मागत होते, तरी दुर्योधनाने सुईच्या टोकावर मावेल एवढी जमीनसुद्धा का दिली नाही? गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने पुढचा प्रश्न विचारला. भावाभावांचं भांडण मिटलंय, अशी खरी गोष्ट नाही का बाई? त्याच्या घरी बांधावरून चुलत्यांशी बोलणं बंद आहे, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याला आपल्याच सातारा-सांगली भागातली गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी लिहीत आहे.

बालपण कैदेत

शाहू महाराज म्हणजे छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र, शिवरायांचे नातू. जन्म १८ मे १६८२, माणगावजवळच्या गांगवली गावी. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि मोगलांनी रायगडाला वेढा घातला. गादीचा वारस सात वर्षांचा शाहू होता. पण येसूबाईंनी धाकटे दीर राजाराम महाराज यांना गडाबाहेर पडून राज्य राखायला सांगितलं आणि स्वतः मुलासह गडावर थांबल्या. बघा, स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवणारी ही आई! त्याच वर्षी रायगड पडला आणि मायलेक औरंगजेबाच्या छावणीत कैदी झाले. शाहू महाराजांची पुढची जवळजवळ अठरा वर्षं तिथेच गेली.

काकू आणि पुतण्या

१७०० मध्ये राजाराम महाराज वारले. त्यांच्या पत्नी महाराणी ताराबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. लहान मुलाला गादीवर बसवून त्यांनी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये बादशहा मेला आणि मोगलांनी शाहू महाराजांना सोडलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. त्या साताऱ्याला परत आल्या १७१९ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

आता मुलांना इथे जरा थांबवा आणि विचारा, राज्य कोणाचं? शाहू थोरल्या घरचे वारस. पण राज्य वाचवलं ताराबाईंनी. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर वाटतं. घरोघरीची भांडणं अशीच असतात, नाही का?

ताराबाईंनी हा शाहू तोतया आहे असं जाहीर केलं. सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या, असं सांगतात. तरीही ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहू महाराजांना येऊन मिळाले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे वेगळी गादी उभी केली. घर फुटलं.

१७१४ मध्ये त्या घरातही फूट पडली. ताराबाईंची सवत राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासह कैदेत टाकलं. एकदा भाऊबंदकी घरात शिरली की ती एका भिंतीवर थांबत नाही.

जिंकल्यावर काय केलं?

हे संभाजी महाराज शाहूंचे चुलत भाऊ, सोळा वर्षांनी धाकटे. दोघांत वर्षानुवर्षं कुरबुरी चालल्या. धाकट्याने निजामाशीही हातमिळवणी केली. शेवटी १७३० मध्ये वारणेकाठी शाहू महाराजांच्या फौजेने कोल्हापूरकरांच्या छावणीवर छापा घातला. संभाजी महाराज निसटले, पण राजसबाई, ताराबाई आणि घरातल्या इतर स्त्रिया हाती लागल्या.

सूड घ्यायला यापेक्षा चांगली संधी कुठली? पण शाहू महाराजांनी घरच्या बायकांना मानाने पन्हाळ्याला परत पाठवायला सांगितलं. ताराबाईंनी मात्र पुतण्याकडे साताऱ्यालाच राहायचं ठरवलं. ज्यांनी आपल्याला तोतया म्हटलं, त्या काकूंना महाराजांनी ठेवून घेतलं. महाभारतातही युद्धानंतर युधिष्ठिराने धृतराष्ट्र-गांधारीला पंधरा वर्षं आपल्याजवळ सांभाळलं, ते इथे आठवतं.

पुढे फेब्रुवारी १७३१ मध्ये कराडजवळ जखिणवाडी इथे दोघे भाऊ भेटले. धाकट्याने पायावर डोकं ठेवलं, थोरल्याने उठवून पोटाशी धरलं. नंतर १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आला. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी, आणि एकमेकांचे फुटलेले चाकर आपल्याकडे ठेवायचे नाहीत, असंही ठरलं. आज हीच नदी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते.

पण गोष्ट इथे संपत नाही

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेले रामराजे गादीवर आले. ते ऐकेनात तेव्हा १७५० मध्ये ताराबाईंनीच त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. १७५२ मध्ये तर जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, की हा माझा नातूच नाही. म्हणजे वीस वर्षं एका गावात राहूनही मनातली अढी गेली नव्हती. हे मुलांपासून लपवू नका. समेट झाला म्हणजे सगळी मनं एका दिवसात साफ होतात असं नाही.

यातून काय घ्यावं?

१. ज्याचा हात वर आहे, त्याने आधी पुढे यावं. हरलेला माणूस आला तर ती शरणागती वाटते.
२. नुसतं गळ्यात पडून भागत नाही. हद्द ठरवून, लिहून घ्यावी. मग नातं टिकतं.
३. इकडचं तिकडे सांगणाऱ्याला घरात थारा देऊ नये. तहातलं चाकरांचं कलम हेच सांगतं.
४. देवासमोर शपथ घेणं सोपं आहे. खरी श्रद्धा दिसते ती आपण जिंकल्यावर समोरच्याशी कसं वागतो त्यात.

वर्गासाठी उपक्रम : नकाशात सातारा, कराड, पन्हाळा, वारणा आणि हरिपूर शोधायला सांगा. वर्गाचे दोन गट करा. एकाने ताराबाईंची बाजू मांडायची, दुसऱ्याने शाहू महाराजांची. मग बाजू बदलायच्या. दुसऱ्याची बाजू बोलताना मुलं किती गंभीर होतात, ते अनुभवूनच बघा.

त्या मुलाच्या घरचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही. पण त्याचा चुलत भाऊ पुढच्या वर्गात आहे आणि दोघं आता मधल्या सुट्टीत डबा एकत्र खातात. पालकहो, पोरांनी जखिणवाडी गाठली आहे. आता मोठ्यांनी निघायचं बाकी आहे.