दिवाळं निघालं, पुस्तकं बायकोच्या नावावर केली, तरी मार्क ट्वेनने पै न पै कशी फेडली?

काळा घोड्याला गेलात तर लोखंडी सांगाड्याची, मोडकळीला आलेली एस्प्लनेड मॅन्शन नक्की बघा. एकेकाळी हे मुंबईतलं नावाजलेलं वॉटसन हॉटेल होतं. जानेवारी 1896 मध्ये 60 वर्षांचा एक अमेरिकन लेखक इथे उतरला होता. खोकल्याने बेजार होता, तरी त्याने मुंबईत आणि पुण्यात व्याख्यानं दिली.

हा लेखक म्हणजे टॉम सॉयर आणि हकलबरी फिनचा बाप, मार्क ट्वेन. तो काही हौस म्हणून जग फिरत नव्हता. त्याचं दिवाळं निघालं होतं आणि लोकांचे पैसे परत करायचे होते.

ट्वेनचं खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स. जन्म 1835 चा, मिसूरी राज्यातला. वडील कर्जात असतानाच गेले, तेव्हा तो 11 वर्षांचा होता. पुढे छापखान्यात काम, मिसिसिपी नदीवर बोटी चालवणं, पत्रकारिता असं करत तो लेखक झाला. 1870 मध्ये त्याने एका श्रीमंत कोळसा व्यापाऱ्याच्या मुलीशी, ऑलिव्हियाशी लग्न केलं. हार्टफर्डला मोठं घर बांधलं. पुस्तकं तुफान खपत होती.

मग गडी धंद्यात उतरला. 1884 मध्ये त्याने चार्ल्स वेबस्टर अँड कंपनी ही प्रकाशन संस्था काढली. सुरुवात झकास झाली. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आठवणी तिने छापल्या आणि त्यांच्या पत्नीला 2 लाख डॉलरचा चेक दिला. पण दुसरीकडे ट्वेनला एका यंत्राचं वेड लागलं होतं. जेम्स पेज नावाच्या माणसाचं हे यंत्र छपाईचे खिळे आपोआप जुळवणार होतं. हजारो सुटे भाग, सारखा बिघाड. ट्वेनने त्यात 3 लाख डॉलरच्या आसपास ओतले. तोवर लायनोटाइप या दुसऱ्या यंत्राने बाजार मारला.

1893 मध्ये अमेरिकेत मंदी आली. बँका कर्ज परत मागू लागल्या. 18 एप्रिल 1894 ला वेबस्टर कंपनीने हात वर केले.

आता कायद्याचा पेच बघा. तेव्हा अमेरिकेत देशभर लागू असलेला दिवाळखोरीचा कायदाच नव्हता. जुना कायदा 1878 मध्ये रद्द झाला होता आणि नवा आला थेट 1898 मध्ये. मधली 20 वर्षं ज्या त्या राज्याचा कायदा चालायचा. न्यूयॉर्कमध्ये कंपनीची मालमत्ता एका विश्वस्ताच्या हाती द्यायची, तो ती विकून पैसे वाटणार. पण उरलेलं कर्ज आपोआप माफ होत नसे. त्यात ही भागीदारी होती, म्हणजे ट्वेनची खासगी मालमत्ताही धोक्यात.

इथे मदतीला आला हेन्री रॉजर्स, स्टँडर्ड ऑइल कंपनीचा बडा उद्योगपती. त्याने मुद्दा पकडला की ऑलिव्हियाने स्वतःचे 60 हजार डॉलरच्या आसपास या कंपनीला उसने दिले होते. म्हणजे तीही एक धनको, आणि सगळ्यात मोठ्यांपैकी एक. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा हक्क न्यूयॉर्कने 1848 पासूनच द्यायला सुरुवात केली होती. मग दिवाळं जाहीर होण्याआधीच ट्वेनच्या पुस्तकांचे कॉपीराइट ऑलिव्हियाच्या नावावर झाले. हार्टफर्डचं घर तर तिच्याच नावावर होतं.

ज्यांचे पैसे अडकले होते, त्यातले काही जण भडकले. त्यांचंही चूक नव्हतं. ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्याचं घर आणि पुस्तकं शाबूत, हे बघून कुणालाही राग येईल. आज भारतात कुणी असं करायला गेलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 आडवं येऊ शकतं. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. त्यामुळे घर बायकोच्या नावावर केलं की सुटलो, असं समजू नका.

पण ते कॉपीराइट तेव्हाच लिलावात गेले असते, तर पडत्या काळात कवडीमोल भाव आला असता. कमाईचं साधनच गेलं असतं. सुताराची हत्यारं विकून त्याच्याकडून कर्ज वसूल होत नाही, तसंच हे.

बाकीचे पैसे फेडायची कायद्याने सक्ती झाली नसती, अशी तडजोड करता आली असती. ट्वेन आणि ऑलिव्हिया दोघांनीही पूर्ण रक्कम द्यायचं ठरवलं. जुलै 1895 मध्ये तो बायको आणि क्लारा या मुलीला घेऊन निघाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका, भारत, दक्षिण आफ्रिका असा वर्षभराचा दौरा. त्यावर पुस्तक लिहिलं. मिळकत रॉजर्सने सांभाळली, गुंतवली. 1898 च्या सुरुवातीला सगळं देणं फिटलं.

किंमत मात्र वेगळीच मोजावी लागली. दौरा नुकताच संपला होता. ऑगस्ट 1896 मध्ये त्याची मोठी मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली, अवघ्या 24 व्या वर्षी. आई घरी परतायला बोटीत होती, बाप इंग्लंडमध्ये.

सूझी गेली ती हार्टफर्डच्या घरातच. दिवाळखोरीतून वाचलेल्या त्या घरात ट्वेन कुटुंब पुन्हा कधीच राहायला गेलं नाही. 1903 मध्ये त्यांनी ते विकून टाकलं.