वार्धक्याची अवघड वाट मोकळी करणारा शल्यविशारद

इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीच्या दुकानांना कुलपे लागली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबीच्या कढया मांडल्या जातात. मध्यरात्रीच्या त्या मैफलीत साठी उलटलेल्या खवय्याला एक चिंता मनातल्या मनात छळत असते. लघवीची घाई अनावर होते आणि आडोसा सापडलाच तर धार सुरू होत नाही. हे दुखणे पुरुष सहसा घरातही बोलत नाहीत.

त्यावरील शस्त्रक्रिया जगभर रूढ करणारे सर पीटर फ्रेयर १८५१ मध्ये आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात जन्मले आणि १८७५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. उत्तर भारतात त्यांनी नाव कमावले ते मुतखड्यांवर. मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा आतच चुरायचा आणि चुरा धुऊन काढायचा, ही पद्धत तेव्हा नवी होती. लहान मुलांचा मार्ग अरुंद असल्याने त्यांच्यावर ती चालणार नाही, असा समज होता. तो खोटा ठरवण्यात पुढाकार घेतला तो इंदूर रेसिडेन्सीचे सर्जन कीगन यांनी. इंदूरकरांना आज हे नाव क्वचितच आठवते. फ्रेयर यांना मात्र रामपूरच्या नवाबाने उपचारांबद्दल लाखभर रुपये दिले, आणि ती रक्कम सरकारच्या डोळ्यांत खुपली.

१८९७ मध्ये ते लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात रुजू झाले. १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ६९ वर्षांच्या रुग्णाची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी ओटीपोटातून, मूत्राशय उघडून, बोटाने सोलून काढली. तोवर अशा वृद्धांच्या नशिबी बहुधा जन्मभराची नळी असे.

ग्रंथीची गाठ ही मात्र अर्धीच गोष्ट होती. मूत्राशय आपल्या इच्छेबाहेरच्या मज्जातंतूंच्या ताब्यात असते. एक गट त्याची भिंत आकुंचित करतो, दुसरा त्याचे तोंड आवळून धरतो. केंब्रिजच्या लँगली यांनी या व्यवस्थेला ‘स्वायत्त’ हे नाव दिले ते १८९८ मध्ये, फ्रेयर यांच्या शस्त्रक्रियेच्या दोनच वर्षे आधी. ग्रंथीतील स्नायूही त्याच आवळणाऱ्या तंतूंचे ऐकतात, म्हणून सर्दीच्या काही गोळ्यांनी वृद्धांची लघवी अडते आणि आजची काही औषधे तोच आवळ सैल करतात. फ्रेयर यांच्या हाती हे काहीच नव्हते.

श्रेयावरून वादही झाला. न्यूयॉर्कचे फुलर यांनी अशीच शस्त्रक्रिया आधी केली होती. तरीही फ्रेयर यांनी आपला दावा सोडला नाही. त्यांची बाजू इथे लंगडी वाटते. तथापि शेकडो रुग्णांची तपशीलवार नोंद जगापुढे ठेवून शल्यविशारदांचा विश्वास मिळवला तो त्यांनीच. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले.